डिस्टोपिया लिहिताना आधी नियम लिहा

13 ते 16 वयाच्या मुलांना डिस्टोपिया, म्हणजे जाचक राजवटीतल्या काल्पनिक भविष्याची कथा, का आवडतो असं विचारलं की थरार, बंडखोरी, भयाण भविष्य अशी उत्तरं येतात. थरार गुप्तहेरकथेतही असतो. या कथा त्या वयाला धरून ठेवतात त्याचं कारण जास्त साधं आहे. या वयाची मुलं दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या नियमांत वावरतात: किती टक्के पडले तर कोणती शाखा, घरी किती वाजता परतायचं, फोन कधी हातात मिळणार. नियम कोणी केला, का केला, तो सगळ्यांना सारखाच लागू आहे का, हे त्यांना कोणी सांगत नाही. डिस्टोपिया नियम आकड्यांसह समोर ठेवतो आणि हिशेब वाचकावर सोडतो.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (2008) हे फार नेमकं साधलं आहे. 12 जिल्हे, दर जिल्ह्यातून दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी, चिठ्ठ्या टाकून निवड. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. इथवर सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठ्यांच्या बदल्यात थोडं धान्य आणि तेल मिळतं, घरातल्या माणसामागे एक चिठ्ठी, आणि या चिठ्ठ्याही वर्षानुवर्षं साचत जातात. नायिका 16 वर्षांची आहे. वयाच्या 5 चिठ्ठ्या, शिवाय घरातल्या तीन माणसांसाठी दरवर्षी 3 प्रमाणे 5 वर्षांच्या 15. भांड्यात तिच्या नावाच्या 20 चिठ्ठ्या आणि बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची एक. निघते ती बहिणीची. राजधानी क्रूर आहे हे सांगायला लेखिकेला विशेषणं लागत नाहीत. वाचक बेरीज करतो आणि गरिबाच्या मुलाच्या जिवाचा भाव त्याला स्वतःलाच कळतो.

मराठीत, आणि तेही गोव्यातल्या मुलांसाठी असं काही लिहायचं असेल तर सुरुवात या बेरजेपासून करावी. पुढची मापं दिवाळी अंकातल्या सुमारे 4000 शब्दांच्या कथेची आहेत. कादंबरीला पायऱ्या त्याच, पसारा मोठा.

एकच नियम, दोन वाक्यांत

पात्रं, नावं, साल, सरकार यांतलं काहीही ठरवण्याआधी नियम कागदावर उतरवा. त्यात वय असावं, मोजता येईल असा आकडा असावा, बदल्यात मिळणारी सवलत असावी आणि एक पळवाट असावी. ‘सरकार जुलमी आहे’ हे मत झालं. ‘गाण्यावर बंदी आहे’ हाही कच्चा नियम, कारण त्यात कोणाला किती तोटा झाला हे मोजता येत नाही आणि मोडल्याशिवाय काही घडत नाही. चांगला नियम पाळतानाच त्रास देतो.

सवलत का हवी? नुसत्या शिक्षेच्या नियमात पात्राला फक्त घाबरता येतं. सवलत असली की निवड करावी लागते, आणि ती निवड बहुतेक वेळा घरच्यांसाठी असते. कथा तिथे सुरू होते.

उदाहरण म्हणून एक नियम घेऊ. जागा: मांडवीच्या मुखाजवळचं एक बेट, समुद्राची पातळी वाढल्यानंतरचं. नियम असा: ‘वय 14 ते 18 मधील प्रत्येकाने वर्षाला 24 रात्री बांधावर पहारा द्यावा. घराला रोज 4 कळशांपेक्षा जास्त गोडं पाणी हवं असल्यास रोजच्या प्रत्येक जादा कळशीमागे घराने वर्षाला आणखी 12 रात्री द्याव्यात.’

आता दोन घरं मांडा. पहिल्या घरात पाच माणसं, त्यांपैकी तीन पहाऱ्याच्या वयाची, जादा पाणी एक कळशी. 72 अधिक 12, म्हणजे 84 रात्री. तिघांत वाटल्या की प्रत्येकी 28. दुसऱ्या घरात सात माणसं, आजी अंथरुणाला खिळलेली, जादा पाणी तीन कळशा आणि पहाऱ्याच्या वयाची एकटी मुलगी. 24 अधिक 36, म्हणजे 60 रात्री एकटीच्या माथी. नियम तोच, शब्द तेच, एकीला 28 आणि दुसरीला 60. ही दुसरी मुलगी तुमची नायिका. तिला निवडायचं कारण आकड्यांतूनच यावं; ती ‘निवडलेली’ किंवा ‘वेगळ्या रक्ताची’ असेल तर नियमाची धार गेलीच म्हणून समजा.

नियमाचा कस एका सोप्या रीतीने लागतो. आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना कथा न सांगता फक्त नियमाचा कागद द्या आणि दहा मिनिटांत पळवाट शोधायला सांगा. मुलं आपसांत भांडू लागली, ‘मग आजीला दुसऱ्या घरात दाखवायची’ असं काही सुचवू लागली, तर नियम जिवंत आहे. ‘हे वाईट आहे’ एवढंच म्हणून कागद परत आला तर नियम बदला. या टप्प्यावर बदलायला दोन वाक्यंच लागतात.

जागा बेगडी नको

मराठीतल्या नवख्या डिस्टोपियाचं सगळ्यात ठळक अपयश म्हणजे काचेची शहरं, क्रमांक दिलेले विभाग, करड्या गणवेशातले सैनिक. हे सगळं भाषांतरित पुस्तकांतून आणि पडद्यावरून येतं. डिचोलीच्या किंवा काणकोणच्या मुलाला ते दुसऱ्याचं वाटतं, आणि भीती दुसऱ्याची वाटली की ती लागत नाही.

खाजन जमीन तयार यंत्रणा म्हणून हाताशी आहे. खाजन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली असतं. चिकणमाती आणि चिऱ्यांचे बांध खारं पाणी बाहेर ठेवतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं पाणदार. भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत कोरगुटसारखं खारटपणा सोसणारं भात पिकतं. बांध फुटायला तोफ लागत नाही. खेकड्याचं एक बीळ पुरतं: पाणी त्यातून झिरपतं, माती धुपते, भोक रुंदावतं. खारं पाणी शेतात शिरलं तर मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं तर झडपा उघडू शकत नाहीत आणि आतलं पावसाचं पाणीच शेत बुडवतं. एका रात्रीत कथेला किती प्रकारची संकटं मिळतात पाहा, आणि एकही उसनं नाही.

भरतीचं वेळापत्रक मात्र अचूक हवं. इथे बहुतेक लेखक ढिले पडतात. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला (तिथी 15) सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा आणि रात्री अशी दोनदा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणून अमावास्येलाही सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर वाढतो. कथेतल्या तारखांसाठी आडाख्यावर न थांबता भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी सगळ्यात उंच चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ कमी.

आता नियमाकडे परत या. नियमात फक्त रात्रींची संख्या आहे, कोणती रात्र हे नाही. ही पळवाट. उधाणाच्या धोक्याच्या रात्री पंधरवड्याला तीन धरल्या तर वर्षाला 74 च्या आसपास येतात, म्हणजे दर पाच रात्रींत एक. 60 रात्री सरळ वाटल्या असत्या तर नायिकेच्या वाट्याला उधाणाच्या 12 आल्या असत्या. पहाऱ्याच्या नोंदवहीत तिला 40 सापडतात. आणि वही लिहिणाऱ्या कारकुनाच्या, म्हणजे पहिल्या घरातल्या, मुलीच्या 28 रात्रींपैकी बहुतेक भांगातल्या. कथेचा स्फोट हा असावा: पंचांग, वही आणि पेन्सिल घेऊन बसलेली एक मुलगी. वाचक तिच्याबरोबर मोजतो.

वर्णनासाठी प्रत्यक्ष जागा पाहून या. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा आणि बांधावरच्या एकाच ठिकाणी दोनदा उभे राहा, भरतीला आणि सहा तासांनी ओहोटीला. पाण्याची खूण दगडावर कुठवर येते, ओहोटीला चिखलाचा वास कसा असतो, अंधारात मानशीचा आवाज कोणत्या बाजूने येतो, हे लिहून घ्या. पहारेकऱ्याला रात्री डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त कळणार आहे.

फायदा कोणाचा, हे सांगता आलं पाहिजे

खलनायक दुष्ट म्हणून दुष्ट असेल तर बारा वर्षांचं मूलही कंटाळतं. त्याचा रोकडा फायदा शोधा. खाजनात तो आधीपासूनच आहे. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. बोली जिंकणाऱ्याला खारं पाणी जास्त आत आलेलं हवं असतं, कारण त्याबरोबर मासळी आणि सुंगटं (कोळंबी) येतात. शेतकऱ्याला तेच पाणी बाहेर हवं असतं. बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी गोव्यात होत आल्या आहेत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर अनेक ठिकाणी बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून) कुळांच्या संघांकडे गेली, आणि दुरुस्ती कोणी करायची हा वाद गावोगाव उरला. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्यातलं जुनं नातंही विसरू नका: ज्याच्या जमिनीवर घर आहे त्याच्याविरुद्ध साक्ष कोण देणार? मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 चा आहे. तुमच्या भविष्यात तो रद्द झाला आहे एवढं एक वाक्य टाकलं तरी घराघरातली भीती उभी राहते.

एक काळजी घ्या. बेटावर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी घरं असू द्या आणि फायदा घेणारे एकाच समाजाचे दिसू देऊ नका. मुलं हे लगेच टिपतात आणि कथा नियमाची न राहता जातीधर्माची होऊन बसते.

जुन्या राजवटीकडून काय घ्यावं

19 डिसेंबर 1961 पर्यंत, म्हणजे पोर्तुगीज राजवट असेपर्यंत, गोव्यात छापील मजकुरावर सेन्सॉर होता आणि सभेला परवानगी लागत असे. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी मोडली ती हीच बंदी. 1961 साली पंधरा वर्षांचे असलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत, म्हणजे विचारायला वेळ थोडा आहे. त्यांच्याकडे जाताना ‘तेव्हा कसं वाटायचं?’ हा प्रश्न नेऊ नका. उत्तर भाषणासारखं येतं. परवानगीचा कागद कोण द्यायचा, किती दिवस लागायचे, कोणाच्या ओळखीने लवकर मिळायचा, कोणत्या गोष्टी घरात हळू आवाजात बोलल्या जायच्या, हे विचारा. अशा उत्तरांतून समजतं की दडपशाहीचा बराचसा कारभार बंदुकीपेक्षा रांग, शिक्का आणि ओळख यांवर चालतो. आग्वादचा तुरुंग आता पाहायला खुला आहे. कोठडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून घ्या. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनच्या परंपरेचं आहे. जुन्या स्थानिक नियतकालिकांसाठी तिथे एक दिवस काढावाच.

सांगे तालुक्यातलं कुर्डी हे दुसरं मोठं भांडार. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं हे गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा वर येतं. मे महिन्यात जुने रहिवासी देवळाच्या आणि कपेलाच्या उत्सवाला तिथे जमतात. यातून घटना उचलू नका, रीत उचला: पाणी उतरलं की पुरलेला पुरावा दिसतो. तुमच्या बेटावर बुडालेल्या जुन्या बांधाचे दगड मोठ्या ओहोटीला उघडे पडत असतील, आणि त्यावरून आधीची वाटणी कशी होती हे कळत असेल, तर वहीच्या हिशेबाला दुसरा साक्षीदार मिळाला. मोठी ओहोटीही उधाणाच्याच दिवसांत येते, हे लक्षात ठेवा. विस्थापितांची खरी नावं आणि घरं मात्र कथेत आणू नयेत. ती माणसं आहेत, अजून तिथे दिवा लावायला जातात.

भाषा

इंग्रजीतले गाजलेले किशोर डिस्टोपिया बरेचदा प्रथमपुरुषी वर्तमानकाळात असतात. मराठीत ‘मी चालते. मी थांबते. मी मागे बघते.’ असं दोन पानं चाललं की नाटकातल्या सूचना वाचल्यासारखं होतं. भूतकाळात सांगा आणि फक्त धोक्याच्या एक-दोन प्रसंगांत वर्तमानात या. बदल जाणवेल, आणि तो जाणवायलाच हवा.

गोव्यातल्या मराठी वाचकाच्या घरात कोंकणी आहे, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. ही दुहेरी सोय वापरा. निवेदन मराठीत, घरातली एखाद-दुसरी वाक्यं कोंकणीत: ‘आयज तुजी रात गो, बाय. कंदील घेवन वच.’ अर्थ संदर्भातून कळतो, फोड करायची गरज नाही. आणि सत्तेची भाषा ठेवा शुद्ध कचेरीची: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पहाऱ्याची रात्र चुकविणाऱ्याच्या घराचा पाणीपुरवठा पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येईल. याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’ या मजकुरात कर्ताच नाही. पाणी कोणी बंद केलं? कोणीच नाही, ते ‘स्थगित ठेवण्यात आलं’. सरकारी मराठीइतकी थंड भाषा कल्पनेने बनवता येणार नाही, तेव्हा अशा दोन-तीन सूचना कथेत जशाच्या तशा चिकटवा.

नवे बनवलेले शब्द 4000 शब्दांत सहाच्या वर नकोत. प्रत्येक नवा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा कोणीतरी त्या वस्तूला हात लावत असावं.

शब्दांची वाटणी

पहिले 600 शब्द एका साध्या रात्रीला द्या. नियम कोणी समजावून सांगू नये. नायिका वहीत सही करते, कळशी भरून घेते, एवढ्यातून तो दिसावा. बेट कसं बुडालं, सरकार कसं बदललं हा इतिहास पहिल्या पानावर आला की वाचक गळतो. तो जास्तीत जास्त 150 शब्दांत, तोही अर्ध्या कथेनंतर. पुढचे 900 आजीच्या आजाराचे आणि जादा कळशीच्या निर्णयाचे. इथे घाई करू नका. निर्णय आईने घ्यावा की मुलीने, आजीला तो सांगावा की नाही, ‘मला तहान नाही’ असं आजी खोटं म्हणते का, हे सगळं लिहा. किशोर वाचकाला खरी जखम इथे होते. मग 1000 शब्द शंका आणि मोजणीला, 900 उधाणाच्या रात्रीला, उरलेले 600 शेवटाला.

मोठी माणसं सगळीच भेकड किंवा दुष्ट दाखवणं ही या प्रकारातली नेहमीची चूक. निदान एक मोठं माणूस असं हवं ज्याला सगळं माहीत आहे आणि ज्याच्याकडे गप्प राहायला पटण्यासारखं कारण आहे. कारकुनालाच ते द्या: शेजारी, नायिकेला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवणारा, स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी वही वाकडी करणारा. प्रेमाचा त्रिकोण टाळा. एवढ्या शब्दांत तो मोजणीची जागा खातो. मृत्यू दाखवायचा तर एकच, आणि त्यानंतर किमान 200 शब्द कोणीही पळू नये. आत्महत्येची रीत कधीही लिहू नका, या वयासाठी तर नाहीच.

शेवटच्या पानावर राजवट कोसळली तर चौदा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही. त्याच्या शाळेतलं वेळापत्रकही कधी एका भाषणाने बदललेलं नसतं. नियमातली एक ओळ बदलू द्या. पहाऱ्याच्या रात्री तिथीप्रमाणे वाटल्या जाव्यात एवढी मागणी नायिका भिंतीवर आकड्यांसह लिहिते, आणि पहिल्या घरातली मुलगी, कारकुनाचीच, तिच्याखाली आपल्या रात्री लिहिते. पाणी अजून मोजूनच मिळतं. अन्याय सगळा संपलेला नसला तरी आता तो सगळ्यांना वाचता येतो, आणि या वयाचा वाचक अशा शेवटावर विश्वास ठेवतो.

छापायला देण्याआधी

कथा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांच्या हातात कागद-पेन्सिल असू द्या. मोजणीच्या प्रसंगात कोणी आपणहून आकडे मांडायला घेतले तर तो भाग जमला. सगळे फक्त ऐकत राहिले तर आकडे फार किंवा फार उशिरा आलेत. एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त नवे आकडे कानाला पेलत नाहीत. कुठे चुळबुळ झाली त्या ओळीवर खूण करा. बहुतेक वेळा तिथे तुम्ही इतिहास सांगत असता.

मग कथेतल्या प्रत्येक रात्रीचा तक्ता करा: तारीख, तिथी, भरतीची वेळ, पहाऱ्यावर कोण, आतापर्यंत किती रात्री झाल्या. षष्ठीच्या रात्री पूर्ण चंद्र उगवला किंवा अष्टमीला उधाण आलं तर किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि त्याचं बरोबर असतं. दिवाळी अंकांसाठी मजकूर साधारण जून-जुलैपर्यंत मागितला जातो, तेव्हा तक्त्याचं काम पावसाळ्याआधी उरकावं. तक्त्याची एक प्रत संपादकांना कथेसोबत पाठवा आणि मुद्रितं आली की शब्दांच्या आधी आकडे तपासा. 60 चा 50 झाला तर नायिकेचा सगळा हिशेब खोटा ठरेल.